बारवेचं जेवण

मंगळवार, ३ जानेवारी १९३९

आलो एकदाचे! पूर्णेला गाडी बदलली, हिंगोलीच्या फाट्यावर तिसरं स्टेशन, मोहाटाकळी. फलाट म्हणजे मुरुमाचा ओटा, एक कडुलिंब, इंजिनाला पाणी द्यायची लोखंडी टाकी आणि टाकीखाली उभा पंपवाला मुंजाजी. पन्नाशीचा गडी, पण ट्रंक अशी उचलली की उशीच जणू. माझ्या बायकोकडं, दैवशालेकडं, बघून हळूच मला म्हणाला, बाईसाहेबांना दमानं चालवा, पाचवा दिसायलाय. ती बिचारी लाजून चूर. मला हसू आलं. केमिस्ट मी, आणि तपासणी यानं केली!

रेल्वे ऑफिसच्या कागदावर निजामी सनानं बहमन १३४८ फसली लिहावं लागतं, पण रोजनिशी माझी आहे, तिच्यात इंग्रजी तारीखच टाकणार. काम तसं सोपं. इथल्या पाण्यानं इंजिनाच्या बॉयलरमध्ये दगडासारखी खपली धरते. ती का धरते ते शोधायचं आणि बंद करायचं. हैदराबादेत चार वर्षं उर्दूतून केमिस्ट्री शिकलो ती काय तेजाबाच्या बाटल्या पुसायला? दोन महिन्यांत पाणी मऊ करून दाखवतो, नाहीतर नावाचा बन्सीधर नाही.

क्वार्टर दोन खोल्यांचं, पण हवेशीर. मार्चमध्ये दैवशालेला सातवा लागला की पोखर्णीला माहेरी पोचवायचं, असं सासूबाई सारजाबाईंना कबूल करून आलोय. त्यांना दिलेला शब्द मोडायची माझी छाती नाही. तोवर आम्ही दोघं राजाराणी.

गुरुवार, ५ जानेवारी

आज बारव बघितली. टाकीचं पाणी तिथूनच येतं, आणि गावही तेच पितं. बावन्न दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की भर दुपारी अंगावर काटा येतो इतका गारवा. पाणी काचेसारखं. तांबडा लिटमस कागद बुडवला, तो निळा झाला. म्हणजे पाण्यात खार आहे. बाटलीत साबणाचं पाणी थेंब थेंब टाकून हलवत बसलो, चाळीस थेंबांपर्यंत फेस टिकला नाही. असलं कडक पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. मुंजाजी म्हणाला, साहेब, एवढा साबण माझ्या धोतराला पंधरा दिवस पुरला असता.

घरी आलो तर दैवशाला हात पुढं धरून घाबरून उभी. हळद कांडली, हात बारवेच्या पाण्यात धुतले, तर हात लालभडक! मी म्हटलं, अगं वेडे, तू कपाळाला लावतेस ते कुंकू कशाचं असतं? हळदीला चुन्याची निवळी आणि लिंबाचा... नाही, लिंबानं तर ती परत पिवळी होते. खार लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. हळद म्हणजे गरिबाचा लिटमस.

मग शिकवणीच सुरू झाली. पेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकून ढवळलं. विरघळलं. अजून टाकलं, विरघळलं. टाकत गेलो, शेवटी तळाला बसलं ते बसलंच. आता हे पाणी आणखी मीठ घेणार नाही, आमच्या उर्दू पुस्तकात याला सैरशुदा म्हणतात, पोट भरलेलं. दैवशाला म्हणाली, इश्श, पाण्याला पोट असतं का? मी म्हटलं, पोटही असतं आणि भूकही असते. जितकं शुद्ध तितकं भुकेलं.

सोमवार, ९ जानेवारी

सापडला चोर! कडूबाई नावाची म्हातारी आहे, गावाच्या कडेला चुन्याची भट्टी चालवते. दर अवसेला घरोघरचा एकेक खडा मागून ती पाटीभर कळीचा चुना बारवेत सोडते. ताज्या चुन्यावर पाणी पडलं की ते खदखदतं, वाफ येते, पोरगंही सांगेल. ही माणसं काठावर उभी राहून म्हणतात, जेवली, जेवली!

मापात टाकला तर चुना पाणी मऊ करतो, मापाबाहेर गेला की तोच कडक करतो. इथं तर पिढ्यान्‌पिढ्या माप नाही. मी कडूबाईला बोलावून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट मलाच समजावलं. तिच्या सासूच्या सासूच्या वेळी बारव बांधली, पहिल्याच वर्षी पाण्याला गेलेली एक दोनजिवाची बाई पाय घसरून पडली. दुसऱ्या दिवशी वर काढली तर अंगाला जखम नाही, पण अंगात एक हाडूक न्हाई, ओल्या धडप्यागत घडी करून आणली म्हणे. तवापासनं हाडाच्या बदली चुना. मागायच्या आधी द्यायचा, हे मेन.

मी तोंडावर हसलो नाही, एवढी सभ्यता पाळली. घरी येऊन मात्र पोट धरून हसलो. दैवशाला हसली नाही. तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या पानाच्या डबीतला चुना बोटानं चाटत होती. डोहाळे! कुणाला चिंच लागते, कुणाला माती, हिला चुना.

शुक्रवार, २० जानेवारी, अमावास्या

बारवेच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि कुलूप ठोकलं. किल्ली माझ्या जानव्याला. दुपारी कडूबाई पाटी घेऊन आली. भांडली नाही, रडली नाही, दारापुढं उन्हात बसून राहिली. मी दोनदा पाणी पाठवलं, तिनं शिवलंसुद्धा नाही. दिवस कलला तशी उठली, पाटी तिथंच ठेवली आणि म्हणाली, साहेब, उपाशी ठिवलेलं जनावर दाव्याला ऱ्हात न्हाई.

चुना वाया कशाला घालवायचा? मुंजाजीला तो भिजवायला लावला आणि क्वार्टरच्या भिंतींना हात मारून घेतला. घर कसं लख्ख झालंय! मुंजाजीचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

जिंकलो! साबणाचे अकरा थेंब. चाळीसवरून अकरा! वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र आलं, ड्रायव्हर लोक सलाम करतात. पाणी दिवसेंदिवस हलकं होतंय, तोंडात धरलं तर आहे की नाही कळत नाही.

टाकीचा नळ मोकळा ठेवलाय, तरी गावानं त्या अवसेपासून बारवेचं पाणी सोडलं. बाया कोसभर लांब ओढ्यावर जातात. मुंजाजीसुद्धा आपली घागर घरून आणतो, आमी न्हाई पीत म्हणतो. म्हणजे एवढं अमृतासारखं पाणी पिणारे आम्ही दोघंच, आणि टाकीखालच्या डबक्यातलं पिणाऱ्या कडूबाईच्या कोंबड्या. खा म्हणावं आता अडाणीपणाची फळं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

कडूबाईनं एक अंडं आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. अंड्याला कवच नव्हतं. नुसती पातळ कातडी, बोट लावलं तर दबायची. आतला बलक दिसत होता. सगळ्या कोंबड्या असलीच अंडी घालतात म्हणे.

कारण सोपं आहे. कवच चुन्याचं असतं. पाण्यात चुना नाही, मग कवच कुठून येणार? नवल वाटण्यासारखं काही नाही.

दैवशालेचं चुना खाणं फार वाढलंय. आज तिला भिंत चाटताना पकडलं. शिकलेल्या माणसाची बायको! मी चिडलो, नको ते बोललो. चुन्यानं तोंड भाजतं, बाळाला अपाय होईल. डबी तिच्या हाताला लागू नये म्हणून आता खिशातच ठेवतो.

रविवार, १९ फेब्रुवारी, अमावास्या

कुणी आलं नाही. भट्टीसुद्धा थंड होती.

लिटमस आज निळा झाला नाही. उलट निळा कागद बुडवला तर कडेनं तांबूस. पाणी आंबट होतंय. यालाही कारण आहे. खोल विहिरीत कोंडलेली हवा साठते, आपण उच्छ्वासात सोडतो तीच. ती पाण्यात मिसळली की पाणी सौम्य तेजाब बनतं, चुना खातं. आधी वरून मिळत होता, आता पायऱ्यांच्या दरजांतला खातंय. परवापासून खालच्या सहा पायऱ्या हलतात. हे सगळं पुस्तकात आहे.

तरी मी आज फक्त बेचाळीस पायऱ्या उतरलो, कागद दोरीनं खाली सोडले. का, ते मला सांगता येणार नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

कोंडलेल्या हवेची खात्री करायला चुन्याच्या निवळीची बाटली दोरानं खाली सोडली. नळीनं निवळीत फुंकर मारली की ती दुधासारखी होते, हा शाळकरी प्रयोग. बाटली वर काढली, पांढरी. अपेक्षेप्रमाणेच. पण मुंजाजीनं दोर धरला होता, तो म्हणाला, साहेब, खालून कुणीतरी फुंकायलंय.

मी म्हटलं, काहीतरीच. मग मी दोर धरला. बाटली पाण्याच्या वर लोंबकळत होती, आणि दोर वर, खाली, वर, खाली. वारा नव्हता. मी माझ्या श्वासाशी ताडून मोजलं. माझ्यासारखाच वेग. माझा थांबला तसा तोही थांबला.

मुंजाजीला सांगितलं, कुणाला बोलू नको.

गुरुवार, २ मार्च

सकाळी दैवशाला तोंड धुऊन आली. कपाळावरचं कुंकू पिवळं. घरी केलेलं, हळदीचं, काल लाल लावलेलं. हळदीसारखं पिवळं.

तिला आरशात दिसलं नाही. मी पदरानं पुसून टाकलं आणि डाग लागलाय म्हणालो.

जेवताना तिच्या भाकरीत दात निघाला. तिचाच. रक्त नाही, दुखणं नाही. तळहातावर घेऊन बघत बसली. दात खडूसारखा मऊ होता, नखानं भुगा झाला. मग दुसरा.

मला का काही होत नाही? पाणी तर मीही तेच पितो. रात्रंदिवस हाच विचार. संध्याकाळी पान लावायला खिशात हात घातला आणि डबी हाताला लागली.

मी तिच्याकडून घेतली होती. मी रोज खातो. तिची घेतली, आणि मी खातो. देवा नरसिंहा!

सोमवार, ६ मार्च

तीन दिवस ओढ्याचंच पाणी आणतोय. फरक नाही. एकदा पोटात गेलं ते बारवेचंच राहतं असं कडूबाई म्हणते.

आज हिला पोखर्णीला हलवायचं ठरवलं. गाडीची वेळ धरून निघालो. उंबरा ओलांडताना तिनं पाय टेकला आणि पाय गुडघ्याखाली वाकला. मोडला नाही. मेण वाकावं तसा वाकला. आवाज नाही. ती मला विचारत होती की अहो, हे असं काय झालं.

उचलून आत आणली. किती हलकी झाली आहे.

पूर्णेचे डॉक्टर येऊन गेले. हाडं मऊ पडलीत, चुन्याची निवळी पाजत राहा म्हणाले. जाताना माझ्या नजरेला नजर दिली नाही.

बुधवार, ८ मार्च

निवळी वाटी वाटी पाजतो. पाजली की तासभर बरी असते. मग पुन्हा तेच.

मुंजाजीला बारवेवर बसवलं, हातात लिटमस. इथं मी हिला वाटी दिली की तिथं कागद निळसर होतो, घटकाभर. मग पुन्हा तांबडा. चारदा करून बघितलं. चारही वेळा. म्हणजे हिला पाजलेलं सगळं तिकडं जातं. माझी बायको म्हणजे त्या बारवेची नळी झाली आहे. काय करू?

कुलूप तोडलं. जानव्याची किल्ली सोडायलाही थांबलो नाही. कडूबाईच्या पाया पडलो. तिनं भट्टी पेटवली, म्हातारी माझ्यावर रागावली नाही, रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १४ मार्च

अकरा पाट्या. चुना पाण्यात पडतो आणि खदखदत नाही. वाफ नाही. गुपचूप खाली जातो. कागद तांबडाच.

भिंती खरवडल्या. त्याही घातल्या.

कडूबाई म्हणते, मागायच्या आधी दिला तर चुना चालतोय. मागितल्यावर हाडच. दोन जेवणं चुकली. आता ती चुना घेत न्हाई, निस्ता गिळायली.

लिटमस संपला. हळदीत कागद बुडवून वाळवलेत, खार आला की हे लाल होतील.

शुक्रवार, १७ मार्च

बाळ हलतं. ती म्हणते, पूर्वी कोपर लागायचं, टाच लागायची. आता नुसतं — कणीक मळल्यासारखं.

तिनं माझा हात पोटावर ठेवला. मी काढून घेतला. तिला कळलं. ती रडली नाही, तोंड वळवलं.

मला माफ कर. मला माफ कर गं.

रविवार, १९ मार्च

हिशेब केला. पुस्तकात आहे, माणसाच्या हाडात निम्म्याहून जास्त चुनाच. बारवेचा बारवेला मिळाला नाही तर उद्याच्या अवसेला दैवशाला आणि बाळ, दोघंही —

थेंबाथेंबानं पोट भरत नाही. एकदम द्यायला पाहिजे. पेला आठवतो. टाकत जायचं, तळाला बसेपर्यंत.

कडूबाईला विचारलं, कुणाचंही चालेल का. ती म्हणाली, ज्यानं ताट वढलं, त्याचं.

म्हणजे माझं. एवढंच ना. मला वाटलं होतं याहून वाईट काही असेल.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू. लय भीती वाटते.

सोमवार, २० मार्च, अमावास्या, दुपार

बत्तिसाव्या पायरीवर बसून लिहितोय. पाणी वर आलंय. वही कोरड्या पायरीवर. मुंजाजी वर दारात, त्याला सांगितलंय वही दैवशालेला द्यायची. खाली यायचं नाही, काहीही ऐकू आलं तरी.

तिला सकाळी सांगितलं, पाणी तपासून येतो. ती म्हणाली, लवकर या.

पाय सोडले. गार. दुखत नाही. हळदीचा कागद पिवळा.

थोड्या वेळानं

पाय दिसतात पण टेकत नाहीत. कागद पिवळा. पाणी श्वास घेतंय, माझ्यासारखाच —

दैवशाला, रोज चुना खा. गव्हाएवढा. दर अवसेला पाटी, मागायच्या आधी. पोराला शिकव. केमिस्ट्री शिकला तरी हे शिकव.

कमरेपर्यंत. बसता येत नाही, पायरीला कलंडून — उजवा हात गेला, डावा —

कागद — कडेला तांबूस. तांबूस! निवळी पाजलेली नाही, आता माझंच — पुरतंय —

मुंजाजी वरून ओरडायलाय. कडूबाई क्वार्टरवरून सांगत आली, बाईसाहेब उठून बसल्या म्हणे. पाय सरळ झाला म्हणे. बाळानं टाच मारली, जोरात —

हळद लाल झाली. पुरी लाल. दैवशाला, कुंकू पुसू नको, गाव काहीही म्हणो, तू ते पु